भावाचं कडवं

पुदिन्याचा वास एकदा अंगाला लागला की सात अंघोळींनी जात नाही. हौदावरच्या बाईला तो एकोणीस वर्षं लागलेला होता. तिची लेक म्हणायची, आई घरात कुठे आहे ते मी डोळे मिटून सांगते.

काम सोपं होतं. शेतांतून आलेला पुदिना जाळीच्या क्रेटमध्ये भरायचा, क्रेट औषधाच्या पाण्यात दोन मिनिटं दाबून धरायचा, वर काढायचा. मग निथळणी, मग पेट्या, मग थंड कंटेनर आणि त्यापुढे समुद्र. भिंतीवर घड्याळ होतं, पण औषधाच्या वाफेनं त्याचे काटे पहिल्याच वर्षी गंजले. तेव्हापासून बायका गाणं म्हणत. हौदवालीनं म्हणायचं, बाकीच्यांनी झेलायचं. जुन्या मालकांनी एकदा मनगटावरचं घड्याळ लावून पाहिलं होतं. एका कडव्याला अर्धं मिनिट, चार झाली की बरोबर दोन. "घड्याळाला चावी लागते, हिला चहा पुरतो," असं म्हणून ते हसले आणि नवं घड्याळ आणायचं ते राहूनच गेलं.

पहिलं गं गाणं माझं हौदाच्या पाण्याला
थंड तुझ्या कुशीमध्ये न्हाऊ घाल पानाला

दुसरं गं गाणं माझं आईच्या हाताला
भरवून सगळ्यांना मग बसली घासाला

तिसरं गं गाणं माझं पाठच्या भावाला
काटा रुतला मला, कळ त्याच्या पावलाला

चौथं गं गाणं माझं दूरच्या लेकराला
नाव नाही ठाऊक तरी माया त्याच्या घराला

तिसरं कडवं ज्याचं, तो भाऊ तिथंच दहा हातांवर टेबलाशी बसायचा. प्रत्येक लॉटचा नंबर रजिस्टरात लिहायचा आणि 'बुडवण : दोन मिनिटं' या रकान्यात बरोबरची खूण करायचा. बायका त्याला टिकोजीराव म्हणत. बहीण त्याला राजा म्हणे.

मग आई गेली.

त्या दिवशी सकाळी दवाखान्यातून फोन आला होता, म्हातारी लेकीला बोलावतेय म्हणून. फोन भावानं घेतला. कंटेनर दारात उभा होता, बोटीची वेळ ठरलेली होती, आयत्या वेळी हौदावर उभं राहायला दुसरं कुणी नव्हतं. गाडी भरून होईपर्यंत, तीन तास, तो बोलला नाही. स्वतःही उठला नाही, खाली मान घालून खुणा करत राहिला. दोघं पोचली तेव्हा आईचे हात गार पडले होते.

बहीण भांडली नाही, रडलीही त्याच्यासमोर नाही. दुसऱ्या आठवड्यात कामावर आली आणि गाण्यातून भावाचं कडवं काढून टाकलं. दूरच्या लेकराचं कडवंच आता तिसरं झालं.

"टिकोजीराव नापास झाले गं," एकीनं पलीकडच्या बाईला कोपर मारलं. दोघी हसल्या, मग हौदवालीचा चेहरा पाहून पुन्हा क्रेट भरू लागल्या. राजाचा तिनं 'साहेब' केला. "साहेब, लॉट झाला." एवढंच.

कडवं काढल्याच्या चाळिसाव्या दिवशी मालकांनी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावून एक कागद वाचून दाखवला. माल जातो त्या देशात एका शाळेतली सहा मुलं आजारी पडली होती. दोघं अजून दवाखान्यात होती. पानांमुळे झालं असं तिथले डॉक्टर म्हणत होते. पानं चार देशांतून आलेली, कुठली ते ठरायचं होतं. म्हणून चारही ठिकाणी नव्या, कडक नियमांनी ऑडिट होणार होतं, न कळवता. धुण्याची वेळ कमी भरली तर शेडचा परवाना रद्द, आणि रजिस्टरवर ज्याची सही त्याच्यावर खटला.

"आपलं काय, आपलं गाणं पक्कं आहे," मालक म्हणाले.

हौदवालीनं ओले हात पुसायला घेतले आणि पुसतच राहिली. मनातल्या मनात ती बोटांवर मोजत होती. पाणी, आई, लेकरू. तीन. तीन अर्धी म्हणजे दीड.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑडिटच्या बाई आल्याच. वयानं लेकीएवढ्या, पांढरा कोट, केसांवर जाळी, बुटांवर प्लास्टिक. आवाज चढवला नाही की कुणाला दटावलं नाही. नळाचं पाणी बाटलीत भरलं. भिंतीवरच्या मेलेल्या घड्याळाकडे पाहिलं.

"वेळ कशी मोजता?"

"गाण्यावर," मालक घाईनं म्हणाले. "तपासलेलं आहे. दोन मिनिटं, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही."

बाईंनी खिशातून स्टॉपवॉच काढलं. "ठीक. रोज करता तसंच करा."

क्रेट आणण्याच्या निमित्तानं भाऊ हौदाशी आला. वाकला. किती दिवसांनी त्याचा श्वास तिच्या कानाजवळ आला होता.

"ताई, चार म्हण."

तिचा हात पाण्यातच थबकला. "तुला माहीत होतं?"

"रोज ऐकू येत होतं."

"आणि खुणा करत होतास?"

"मग काय करू? कुठल्या तोंडानं सांगू, माझं नाव घे म्हणून?"

तो जाऊन टेबलाशी उभा राहिला. आई असताना काळे असलेले त्याचे कानाजवळचे केस पांढरे झालेले तिला आता दिसले. घरी त्याची दोन पोरं होती. हौदाभोवती चाळीस बायका होत्या आणि चाळीस घरांच्या चुली या पाण्यावर पेटत होत्या.

तिनं क्रेट बुडवला आणि गाऊ लागली. पाणी झालं, आई झाली. क्षणभर शेडमध्ये फक्त पाण्याचा आवाज उरला. मग तिनं तिसरं उचललं. पाठच्या भावाला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि जीव ओतून झेललं. भावानं तोंड भिंतीकडे फिरवलं, त्याची पाठ हलत होती. इतकं गोड ती कधी गायली नसेल.

चौथ्यावर मात्र तिचा सूर कापला. दूरच्या लेकराला.

"दोन मिनिटं, एक सेकंद," बाई म्हणाल्या आणि कागदावर लिहिलं : समाधानकारक.

मालकांनी मिठाईची ऑर्डर दिली. भावानं स्वतःच्या हातानं चहा आणला, पेला तिच्यापुढे धरला. "गायलीस, ताई."

तिनं पेला घेतला नाही. "या एक्केचाळीस दिवसांतला माल कुठंय, राजा?"

"पाच कंटेनर. तीन पोचले. एक समुद्रात. एक बंदरावर."

"पोचलेले उघडले?"

त्यानं पेला टेबलावर ठेवला.

ती तशीच निघाली, ओल्या हातांनी, फाटकापर्यंत जवळजवळ धावत. बाई गाडीचं दार उघडत होत्या.

"मॅडम, ते खिशातलं घड्याळ परत लावा."

"का?"

"मी आज तुमच्यासाठी गायले. रोजचं ऐका."

आणि रस्त्याच्या कडेला, धुळीत उभी राहून तिनं तीन कडवी म्हटली. झेलायला कुणी नव्हतं, म्हणून बायकांचं तीच म्हणत गेली. संपल्यावर बाईंनी स्टॉपवॉचच्या काचेकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

"कधीपासून?"

"आई गेल्यावर कामावर परतले तेव्हापासून."

मागे पावलं वाजली. भाऊ आला होता. काखेत रजिस्टर. त्यानं ते गाडीच्या बॉनेटवर उघडून ठेवलं, बहीण कामावर परतली त्या तारखेवर बोट टेकवलं आणि तिथून पानं उलटत गेला. सगळीकडे खुणाच खुणा, एकसारख्या, एकाच हाताच्या.

"ती मुलं आमच्यामुळेच...?" तिनं विचारलं.

"ते मला आज सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. माल थांबवायला त्यांनी तिकडच्या कचेरीला फोन लावून स्पीकरवर टाकला. "तिकडे आज सुट्टी आहे. दुकानं मात्र उघडी असतात."

घंटा वाजू लागली. बहीणभाऊ बॉनेटच्या दोन बाजूंना उभी होती. तिचे ओठ आपोआप हलत होते. पाण्याचं कडवं भरलं. आईचं भरलं. भावाचं भरलं. फोन वाजतच होता.