गोठणीच्या वाटेवरचा फिरकीचा तांब्या

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे, मित्रांनो. आता थकलोय. पोटाला पोचे, मान मोडलेली, त्यामुळे फार वेळ बोलवणार नाही. पण कालचं सांगतो.

माझा जन्म तांबटाच्या हातोडीखाली झाला. सोनाबाईच्या बापाने मला तिच्या लग्नात दिलं, आणि ती मला घेऊन अलिबागमागच्या डोंगराखालच्या या गावी आली. तिचा नवरा दादू भातशेतीवर जाताना मला खांद्याला अडकवायचा. लावणीला, झोडणीला, गुरांमागे, मी कुठे नव्हतो? दिवसातून कितीदा तरी माझी फिरकी, म्हणजे आट्यांचं झाकण, उघडायची आणि लागायची. दादू म्हणायचा, "ह्याच्यातला पानी लय थंड." ऐकून मी फुगून जायचो.

मग प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. सूनबाई रुचिका मुंबईहून आली की मला चिंचेने लख्ख घासायची आणि काचेच्या कपाटात, टीव्हीशेजारी ठेवायची. पाहुणे म्हणायचे, "वा, अँटिक!" मला काय करायचं होतं ते कौतुक? आत कोरडा ठणठणीत. फिरकीच्या आट्यांना वर्षानुवर्षं कुणाचा हात नाही.

या थंडीत दादू फोनवर नातीला म्हणाला, "बाय, ये गो. गोठनीच्या धबधब्याव नेतो तुला." मनालीने ऐकलं, गोठलेला धबधबा! साऱ्या वर्गाला सांगून झालं. रेवसच्या बोटीतून उतरली ती लोकरी टोपी आणि हातमोजे घालूनच. घामाने निथळत होती पोर.

सोनाबाई हसून हसून बेजार. "अगो, गोठलेला न्हाय, गोठनीचा! दुपारची गुरा बसतात ती गोठन. आपल्याकडं कुठला आला बरफ?"

मनालीचं तोंड एवढंसं झालं. दादूला वाईट वाटलं. "बरफ नसला म्हनून काय झाला? शिमग्यापर्यंत धार असते तिला. चल, दावतो."

सगळे निघाले. मुलगा राहुल म्हणाला, "धबधब्यावरच चाललोय, पाण्याचं ओझं कशाला?" एक लहानशी बाटली घेतली, बस. सोनाबाईला राहवेना. तिने मला कपाटातून काढलं, विहिरीचं पाणी भरलं आणि घाईघाईत फिरकी आवळली. आटे सुकलेले, फिरकी तिरकी बसली. मला कळलं होतं, पण मी सांगणार कसा?

चढ मोठा. बाटली निम्म्या वाटेतच संपली. वर पोचलो तर काळा कातळ उन्हात तापत पडलेला. पाण्याचा थेंब नाही! पलीकडच्या माळावर बंगले झालेत, तिथे बोअर मारल्यात म्हणे. दादू खाली वर बघत राहिला. "इथंच तर होती धार," असं पुटपुटला, आणि पुटपुटताच त्याला घेरी आली. तो कातळावर कलंडला. ओठ कोरडे, डोळे मिटलेले.

"पाणी द्या त्यांना!" रुचिका ओरडली.

राहुलने मला हिसकावलं. फिरकी हलेना. त्याने दात-ओठ खाऊन पिळली. ओढणी गुंडाळून रुचिकाने पिळली. मनालीच्या इवल्या हातांनीही जोर लावून पाहिला. काही उपयोग नाही. मित्रांनो, माझ्या पोटात पाणी होतं आणि माझा माणूस माझ्यासमोर तहानेने पडला होता. असली लाजिरवाणी वेळ शत्रूवरही येऊ नये.

राहुलने दगड उचलला आणि आईकडे बघून थबकला. "आई, हा तुझ्या बाबांनी..."

"फोड मेल्या, बघत काय बसलास?" सोनाबाई कडाडली. "मानूस मोठा का तांब्या?"

दोन घाव बसले. गळ्याचा डाख, तांबटाने लावलेला जोड, सुटला आणि पाणी भळाभळा वाहिलं. अर्धं कातळाने पिऊन टाकलं. उरलेलं सोनाबाईने ओंजळीने दादूच्या तोंडात घातलं. मनालीने आपली लोकरी टोपी सांडलेल्या पाण्यात भिजवली आणि आजोबांच्या डोक्यावर घातली. जरा वेळाने दादूने डोळे उघडले. "अजून थंडच हाय पानी," तो म्हणाला. सोनाबाई तेव्हा रडली.

सावकाश, टेकत-टेकत सगळे खाली आले. रात्री जेवताना राहुल म्हणाला, "बाबा, आता पुरे झालं. आमच्याकडे चला. डोंगर नको, शेत नको. खुर्चीत बसायचं, टीव्ही बघायचा. काहीही करायचं नाही."

दादू ताटातला भात चिवडत राहिला.

मी ओटीवर पडून ऐकत होतो. मित्रांनो, माझं काय व्हायचं ते होवो. तांबट डाख लावील, नाहीतर मोडीत जाईन. मला स्वतःसाठी काही मागायचं नाही. पण कुणीतरी त्या राहुलला सांगा. मी रोज उघडत होतो, तोवर लहान पोराच्या बोटांनीही उघडायचो. मायेनेच बसवून ठेवलं मला, आणि नेमक्या वेळी मी अडकलो. म्हाताऱ्याला जाऊ द्या त्याच्या गुरांमागे. सोबत कुणीतरी जा, पाणी न्या, उन्हाआधी परत आणा. पण त्याला पुसून-बिसून कपाटात ठेवू नका.