आईचं अमेरिकन होणं

२००९ च्या मार्चमध्ये सिंगापूरमधल्या आमच्या चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये अमेरिकेचं सरकार रोज संध्याकाळी साडेसहाला बसायचं. जागा डायनिंग टेबल. सभासद दोन: माझी आई साधना, वय एकाहत्तर, आणि माझी लेक गार्गी, वय अकरा. मी बँकेतून दमूनभागून यावं, तर गार्गीच्या हातात शंभर प्रश्नांची पुस्तिका आणि आईच्या हातात लसूण.

न्यू जर्सीच्या माझ्या भावामुळे, चंदूदादामुळे, आईला ग्रीन कार्ड मिळालं होतं. आता तिला सिटिझन व्हायचं होतं. पुढच्या महिन्यात तिकडे मुलाखत. विचारतील त्या दहांतले सहा प्रश्न बरोबर यायला हवेत, तेही इंग्रजीत.

आई डोंबिवलीच्या सोसायटीची अकरा वर्षं सेक्रेटरी होती. अमेरिका तिने तिथूनच समजून घेतली. प्रेसिडेंट म्हणजे चेअरमन, काँग्रेस म्हणजे जनरल बॉडी, आणि सुप्रीम कोर्ट म्हणजे रजिस्ट्रार, ज्याच्यापुढे दोघांचीही बोलती बंद.

"आजी, व्हेटो?"

"चेअरमन सही करत नाही तो. आमचे टिपणीस पाण्याच्या टाकीवर दोन वर्षं व्हेटो धरून बसले होते."

"पण टू-थर्ड्स व्होट्स असतील तर काँग्रेस कॅन ओव्हरराइड, लाह!" गार्गीच्या वाक्याला हे सिंगापुरी शेपूट असायचंच.

"केला की! टाकी बांधलीच आम्ही."

मला हे कौतुक बघवत नव्हतं. दर खेपेला पाच महिने होत आले की आई बॅग भरायला घ्यायची आणि दादाकडे जायची. त्याचं घर ऐसपैस, मागे बाग. आता सिटिझन झाली की ती कायमची तिकडची, हे मी धरूनच चालले होते. उत्तर चुकलं की मला आतून बरं वाटायचं. लाज वाटते, पण वाटायचं.

त्या दिवशी गार्गीने नवा प्रश्न काढला. सिटिझन होताना कोणतं वचन देता? उत्तरं बरीच होती, त्यातलं एक पुरे. पहिलंच होतं, "इतर देशांवरची निष्ठा सोडून देईन."

आईने लसूण खाली ठेवला. "दुसरं काय आहे?"

"कायदे पाळीन."

"हां. ते सांगते. कायदे मी पाळतेच."

माझं डोकं फिरलं. "आई, प्रश्न चुकवशील, शपथ कशी चुकवणार? तिथे उभं राहून, हात वर करून हेच म्हणावं लागतं. एवढं जड जातंय तर हवंय कशाला? दादाच्या बागेसाठी?"

"बाग कसली? तिथे चार महिने बर्फ." आई माझ्याकडे बघतच राहिली. "अगं, ग्रीन कार्डवाल्याला सहा महिन्यांच्या आत परत जावं लागतं, नाहीतर सिटिझनशिप लांबते. म्हणून पळते मी. सिटिझनला कुणी विचारत नाही. मग तुझ्याकडे हवं तितकं राहीन. तू म्हणाली होतीस ना, इथला लाँग टर्म पास काढता येईल म्हणून?"

"म्हणजे अमेरिकेत राहायला लागू नये म्हणून तू अमेरिकन होतेयस?"

"असंच काहीतरी."

"आणि हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस? माझी बॅग दिसली की तुझं तोंड फुगलेलं."

मला एकदम रडूच आलं. मी म्हटलं, "नको म्हणूस ते वाक्य. पाच महिन्यांनी जा, परत ये. मी तोंड फुगवणार नाही."

तिने लसणाची सालं एका बाजूला सारली. मग म्हणाली, "तू गेल्या वर्षी सिंगापूरची झालीस, तेव्हा तुलाही म्हणावं लागलं असेल ना? भारताचं?"

"हो."

"काय केलंस?"

"म्हटलं. मग घरी येताना बस चुकवली आणि स्टॉपवर बसून रडले." हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"एकटीच?"

"एकटीच."

आईने हात पुसले, चष्मा सारखा केला आणि खुर्चीत ताठ बसली. "गार्गी, विचार परत."

गार्गीने माझ्याकडे पाहिलं, मग हळूच विचारलं.

आईने कायदे पाळण्याचं उत्तर दिलं नाही. पहिलं दिलं, इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून, आणि ते म्हणताना टेबलाखाली माझा हात गच्च धरून ठेवला.