घरातली एकच टेप

तीन दिवस त्या शिवणाच्या खोलीत कामापुरतंच बोलणं चाललं होतं. "कात्री." "घ्या." "दोरा संपला." "दिसतंय मला." जेवताना मीठ हवं असलं तर धाकटी ते नवऱ्यामार्फत मागवायची, आणि दोघे भाऊ ताटात असे डोकं घालून बसायचे, जणू भातात काहीतरी हरवलंय.

भांडण एका फ्रेमवरून होतं.

दोघी जावा मिळून गोधड्या शिवायच्या. धाकटी चौकोन कापायची, जोडायची. मग थोरली त्याखाली कापूस आणि अस्तर घालून सगळ्यावर मशीनचे टाके घालायची. वर्षानुवर्षं डबल बेडच्या गोधड्या गुंडाळून मशीनखालून रेटायच्या म्हणजे गंमत नाही. तिचा उजवा खांदा धरला. हात छातीच्या वर जाईना. वेणी घालता येईना, तेव्हा बाईने केस कापून घेतले आणि फॅशन म्हणून सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई मात्र फॅशनला भुलल्या नाहीत. म्हणाल्या, "रेटणं बंद करा, नाहीतर शिवणंच बंद होईल."

फ्रेमवर रेटावं लागत नाही. गोधडी रुळांवर ताणलेली राहते आणि मशीन तिच्यावरून फिरतं, ते नुसतं धरून फिरवायचं. दुकानात दोन फ्रेमा होत्या. छोटीवर गोधडी अर्धी-अर्धी करून लावायची, म्हणजे दर वेळी सोडा, ओढा, परत ताणा. त्या खांद्याला ते जमणारं नव्हतं. मोठीवर अख्खी गोधडी एकदाच चढते. थोरलीने दुपारी एकटीनेच खोली मोजली आणि रात्री ताटावर जाहीर केलं, "मोठी बसते. पण तुझं टेबल मधल्या खोलीत न्यावं लागेल. दोन बोटं जागा कमी पडतेय."

दोन बोटं! धाकटीचा घास तोंडातच राहिला. खिडकीजवळचं ते कापायचं टेबल आडवं लावलं तर दार उघडत नव्हतं, म्हणजे ते एक तर तिथेच राहणार किंवा जाणार. स्वयंपाकघर सगळ्यांचं होतं, झोपायची खोली निम्मी नवऱ्याच्या पसाऱ्याची. ह्या घरात तिची म्हणावी अशी जागा त्या टेबलापुढची तेवढी. लग्न होऊन आली तेव्हा तिला बटण लावता येत नव्हतं; थोरलीनेच तिथे उभं करून शिकवलं होतं. आता त्याच टेबलासकट तिला मधल्या खोलीत, टीव्हीसमोर, पोरांच्या पायात पाठवायचं? आणि तेही दोन बोटांसाठी? धाकटीला काही ते पटलं नव्हतं. दोन बोटं म्हणजे सोयीचा हिशेब, असं तिच्या मनाने घेतलं ते घेतलंच.

चौथ्या दिवशी दुकानातून फिटर आला. जागा बघून त्याने फोन करायचा, मग फ्रेम निघणार. मोठी गोदामात एकच उरली होती आणि दुसरं गिऱ्हाईक तिच्यावर डोळा ठेवून होतं.

"कुठली पाठवायला सांगू, ताई?" त्याने विचारलं.

थोरलीने मशीनचा दोरा चाचपला, धाकटीने कात्री उचलली. मशीनवर अर्धवट गोधडी पडली होती, टेबलावर निम्मे चौकोन कापलेले, निम्मे कापडातच. फिटरने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि शहाण्या माणसासारखी खिशातून पोलादी टेप काढली. भिंतीपासून भिंतीपर्यंत ओढली, वाकून वाचली, कागदावर आकडा लिहिला.

"बसतंय की," तो म्हणाला. "मोठी फ्रेम बसून टेबलही राहतं. वर दोन बोटं उरतात. काढायचं कशाला?"



 धाकटीचं तीन दिवस गिळलेलं सगळं एका दमात बाहेर आलं. "बघा! मला माहीतच होतं. तुम्हाला खोली एकटीची हवी होती, जाऊबाई. सरळ म्हणायचं होतंत, मी स्वतः उचललं असतं टेबल. खोटं माप कशाला सांगायचं?"

थोरलीचा चेहरा खर्रकन उतरला. ती उलट बोलण्यात कधी हार जाणारी नव्हती. भाजीवाल्यापासून दिरापर्यंत सगळे तिला वचकून असायचे.  पण आता तिने डाव्या हाताने गळ्यातली टेप ओढून पुढे केली.

"तूच मोज," ती म्हणाली.

ही पिवळी टेप कधीच तिच्या गळ्यातून उतरत नसे. घरात एकच टेप, हा तिचा कायदा. चौकोन कापायचे झाले तरी धाकटीला ती मागून घ्यावी लागे आणि काम झालं की परत द्यावी लागे. एकदा धाकटीने हौसेने स्वतःची नवी टेप आणली होती. तिने कापलेले चौकोन थोरलीच्या चौकोनांपुढे लहान भरले. "फेकून दे ती, फसवलंय तुला दुकानदाराने," असं थोरली म्हणाली आणि धाकटीने ती चिंध्यांचं गाठोडं बांधायला वापरली.

धाकटी गुडघ्यांवर बसली. एक टेप संपली की तिथे खडूची रेघ, पुन्हा तिथून पुढे, अशी ती दारापासून खिडकीपर्यंत रांगत गेली. मोजून झाल्यावर ती उठलीच नाही. आकडा थोरलीचाच निघाला होता, जसाच्या तसा.

फिटरने आपली टेप तिच्याजवळ जमिनीवर पसरली. पिवळीवरचा शेवटचा आकडा पोलादीवरच्या त्याच आकड्याच्या बोटभर पुढे गेला. "कापडी आहे ना, ओढून ओढून ताणली जाते," तो हळूच म्हणाला, जणू त्याचीच चूक होती.

धाकटीला गाठोड्याची टेप आठवली. गिऱ्हाइकं आठवली, जी दर वेळी म्हणायची, जाऊबाईंचा हात सढळ, सांगितल्यापेक्षा गोधडी थोडी मोठीच देतात. हात सढळ नव्हता, टेप सढळ होती. बाई खोटं बोलली नव्हती. ती फक्त इतकी वर्षं चुकीचं मोजत होती, आणि तिच्यामागे धाकटीही.

"छोटी पाठवा," थोरली फिटरला म्हणाली.

"अहो, पण मोठी बसतेय."

"बसू दे. छोटीच पाठवा. उद्या पुन्हा कोणी म्हणायला नको, जागा बळकावली म्हणून." ती खिडकीबाहेर बघत होती. उजवा हात नेहमीसारखा पोटाशी धरलेला.

फिटरने फोन कानाला लावला. पलीकडे घंटी वाजत होती ती धाकटीलाही ऐकू आली. छोटी आली तर वर्षभरात हा खांदा कायमचा जाईल, आणि ते आपल्या तोंडाने केलेलं असेल, हे तिला लख्ख दिसलं. पलीकडून कोणीतरी "बोला" म्हणालं.

"मोठी!" धाकटी ओरडली. ती उठली, फिटरच्या हातातून फोन घेतला आणि त्या न दिसणाऱ्या माणसावर डाफरली. "मोठी पाठवा. आजच. दुसऱ्या कोणाला दिलीत तर मी तिथे येऊन बसेन."  फिटरने फोन परत घेतला आणि फाटकापाशी गाडी बघायला म्हणून काढता पाय घेतला.

दोघीच राहिल्या.

"चुकले मी, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "मला वाटलं, मला बाहेर काढताय."

"वाटलं ना?" थोरली म्हणाली. "तेच तर लागलं." तिचे डोळे भरले होते आणि ते लपवायची तिने तसदी घेतली नाही. मग तिने जमिनीवरची टेप डाव्या हाताने उचलली, बोटांवर गुंडाळली आणि कचऱ्याच्या टोपलीकडे वळली. "जाऊ दे ही. आता नवी आणू."

"टाकू नका."

"चुकीची आहे ती."

"असू दे. अर्धी गोधडी तिच्यानेच कापलीय," धाकटी म्हणाली. "उरलेले चौकोन खऱ्या टेपने कापले तर जुळतील का? ही गोधडी होईपर्यंत तरी हीच लागणार. द्या इकडे, मी कापते."

 थोरलीने टेप उलगडली आणि हातात न देता धाकटीच्या गळ्यात घालायला गेली. उजवा हात छातीपर्यंत आला आणि तिथेच अडला. धाकटीने मान वाकवली, चांगली खाली, त्या हाताला पोचेल इतकी.