पाठीवरची हिरवी तार

मी एक जुना सर्किट बोर्ड आहे. व्हिडिओ गेमच्या लाकडी पेटीत, पडद्याच्या मागे माझी जागा. मित्रांनो, आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये म्हणतात. पण सारा जन्म पेटीत कोंडलेल्याची स्तुती दुसरे कोण करणार? तेव्हा मीच करतो. पडद्यावर छपरांवरून उड्या मारत दाणे टिपणारा तो ऐटबाज कोंबडा आहे ना, त्याची एकेक उडी माझ्या अंगातून निघते.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. मला घडवणाऱ्या बाईंना सगळे चष्मेवाली म्हणत. माझ्या आराखड्यातच वीज वाहून नेणारी एक रेघ राहून गेली होती. दोन टोके जुळायला हवी होती, ती जुळतच नव्हती. तोवर आम्ही शेकडो भावंडे छापून तयार! मग चष्मेवालीने आम्हा प्रत्येकाच्या पाठीवर वीतभर हिरवी तार चिकटवली, दोन्ही टोकांना कथिलाचा डाग दिला आणि आराखडा काढणाऱ्या साहेबांची चूक निस्तरली. तपासनिसाने त्या तारेवरूनच निळा गोल शिक्का मारला. दिसायला ती तार म्हणजे नव्या सदऱ्याला ठिगळ. पण मला तिचा फार अभिमान, कारण तिच्याविना मी चाललोच नसतो.

पुढे मी एका गेम पार्लरमध्ये लागलो. शाळा सुटली की माझ्यासमोर रांग लागे. पेटीतला पंखा बंद पडला तरी मी हूं की चूं केले नाही. मालक पेटी पुसताना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "हा आपला हुकमी एक्का!" मग नवे, चकचकीत खेळ आले आणि मला मागच्या खोलीत ढकलले. माझ्या पेटीवर झाडू आणि फुटक्या बादल्या ठेवू लागले. तेव्हा फार वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

बऱ्याच वर्षांनी मालकांनी जुन्या खेळांचाच हॉल काढायचे ठरवले. मला चालू केले, तर पडद्यावर बिनमुंडक्याचा कोंबडा! तो तसाच छपरांवर उड्या मारू लागला. बघणारी पोरे हसून लोटपोट झाली. माझी मात्र लाजेने मान खाली गेली.

मालकांची धाकटी बहीण टीव्ही दुरुस्त करायची. पंचेचाळिशी उलटली तरी मालकांसाठी ती 'छोटी'च होती. त्यांनी मला तिच्या टेबलावर ठेवले.

"छोटे, पुढच्या महिन्यात हॉल उघडतोय. शनिवारपर्यंत हा झाला तर बाकीची अकरा यंत्रंही दुरुस्तीला तुझ्याकडे. नाही झाला तर पेटीत नवा बोर्ड, हा भंगारात, आणि काम बाहेरच्या मेकॅनिकला."

"दादा, सख्ख्या बहिणीची परीक्षा घेतोस होय रे?"

"सख्खी आहेस म्हणून तर घेतोय. लोक म्हणतील, घरचीच म्हणून दिलं."

छोटीने मला ब्रशने घासूनपुसून लख्ख केले. मल्टिमीटर लावून वीज नीट पोचते का ते पाहिले. सगळे शिस्तीत चालले होते. मग तिने मला पालथे केले आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"कुठल्या अर्धवटानं हे लटकवलंय?" ती पुटपुटली आणि कथिल वितळवायची तापलेली सळई लावून तिने हिरवी तार उपटली.

मी ओरडलो असतो, पण मला तोंड कुठे आहे? तिने वीज सुरू केली आणि आगीतून फुफाट्यात अशी गत झाली. कोंबडा गेला, छपरे गेली, पडद्यावर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा. दोन दिवस ती एकेक भाग तपासत राहिली. शुक्रवारी दुपारी तिने हात टेकले. "दादाचंच खरं. मला नाही जमायचं हे," असे म्हणून मला गुंडाळायला तिने पुन्हा पालथे केले.

तेव्हा तिला शिक्का दिसला. त्या निळ्या गोलाच्या मधोमध एक बारीक कोरी पट्टी होती. तिने भिंग लावले. मग केराची टोपली टेबलावर उपडी केली आणि तार शोधून काढली. तारेवर तेवढाच लांब शाईचा निळा डाग होता. तो कोऱ्या जागेत बरोब्बर बसला.

"म्हणजे शिक्का मारायच्या आधीपासून ही होतीच! कारखान्यातच लावलेली. अर्धवट मीच गं बाई!"

तिने तार होती तशी पुन्हा जोडली. रेघा गेल्या आणि बिनमुंडक्याचा कोंबडा परत आला. त्याला बघून कुणाला इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. आता मूळचा बिघाड तेवढा उरला. एक नवी आयसी, म्हणजे इवलीशी काळी चिप, घेऊन ती माझ्या तशाच एकेका जुन्या आयसीच्या पाठीवर दाबून धरू लागली; जी बिघडलेली असेल, तिचे काम नवी करून दाखवणार होती. चौथ्या ठिकाणी दाबताच कोंबड्याला तुऱ्यासकट मुंडके फुटले! तिने जुनी आयसी काढून नवी बसवली.

शनिवारी सकाळी मालक आले. अर्धा तास खेळले, दाणे टिपले, दोनदा छपरावरून पडले. मग त्यांनी विचारले, "काय दोष होता गं?"

तारेचे कुणालाच ठाऊक नव्हते. ती गप्प बसली असती तरी चालले असते. मी श्वास रोखून धरला, म्हणजे मला श्वास असता तर धरला असता.

"दोन दोष होते, दादा. एक त्याचा, एक माझा," ती म्हणाली आणि तिने तारेची सगळी हकीगत सांगितली.

मालकांनी तारेवरून बोट फिरवले. "इतकी वर्षं यंत्रं दुरुस्त करून घेतोय," ते म्हणाले, "पण दोष माझा म्हणणारा मेकॅनिक आज पहिल्यांदा भेटला. टेम्पो बोलावतो. अकराही घेऊन जा."

मित्रांनो, आता माझ्यासमोर पुन्हा रांग लागते आणि माझी ऐट तुम्ही बघायलाच हवी. एक सांगणे आहे. जुन्या वस्तूत काही कुरूप दिसले म्हणून लगेच उपटू नका. ते कुणी लावले, का लावले, याचा आधी शोध घ्या. आणि तुमच्या हातून काही बिघडलेच, तर तसे सांगा. आम्हा वस्तूंना बोलता येत नाही. तुम्हाला येते.