स्वामींना घरातलं दिसतं

तिरुविडैमरुदूरच्या रस्त्यावरच्या त्या कल्याणमंडपात, म्हणजे लग्नाच्या कार्यालयात, शुक्रवारी संध्याकाळी चपला ठेवायलाही जागा उरत नसे. तिरुभुवनमचे विणकर, कुंभकोणमचे भांड्यांचे व्यापारी, निवृत्त मास्तर, नव्या सुना, सगळे मांडीला मांडी लावून बसत आणि ज्ञानक्कण स्वामी डोळे कधी मिटतात याची वाट पाहत. ज्ञानक्कण म्हणजे ज्ञानाचा डोळा. स्वामींनी पापण्या मिटल्या की तो उघडतो, अशी ख्याती होती.

"चित्र येतंय," स्वामी संथ तमिळमध्ये म्हणाले. "हिरवी भिंत. भिंतीवर घड्याळ. घड्याळाखाली एक बाई सासूशी भांडते आहे. वार मंगळवार."

तिसऱ्या रांगेतल्या विणकराच्या बायकोने तोंडाला पदर लावला. भिंत हिरवी होती, वारही मंगळवारच होता. मंडपभर हात जोडले गेले. कधीकधी चित्र मध्येच अडकायचं. "देवी थांबली," असं म्हणून स्वामी कापूर लावायला सांगत, आणि थोड्या वेळाने देवी पुन्हा सुरू होई.

खांबाला टेकून बसलेल्या जननीला हसू येत होतं, पण शेजारी वडील होते. व्यंकोबाराव भूगोल शिकवून निवृत्त झालेले, घरात तंजावरची जुनी मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ बोलणारे शहाणे गृहस्थ. आयुष्यात कुठल्या बुवापुढे वाकले नव्हते. पण महिन्यापूर्वी स्वामींनी त्यांना सांगितलं, "तुझा चष्मा हरवला होता. वेताच्या खुर्चीच्या गादीखाली मिळाला." चष्मा मिळाला तेव्हा घरात ते एकटेच होते. भूगोल तिथेच संपला.

तेवढ्यावर थांबलं असतं तर जननीने चालवून घेतलं असतं. पण पुढच्या शुक्रवारी स्वामी म्हणाले, "टेबलावर निळ्या डबीत पांढऱ्या गोळ्या आहेत. त्या रक्त जाळतात. सोडून दे. मी देतो ती विभूती घे."

त्या गोळ्या रक्तदाबाच्या होत्या. जननी स्वतः औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट. तिनेच त्या डबीत भरल्या होत्या.

"अप्पा, गोळ्या घ्या," ती रोज सांगायची.

"सामींनी डबी पाहिली नाही आणि रंग सांगितला. त्यांस ठाऊक नाही आणि तुजला ठाऊक?" आठ दिवसांत जिना उतरताना अप्पांना गरगरलं. तरी विभूती चालूच.

खरी गोष्ट जननीला तापामुळे उमगली. रजा घेऊन ती हॉलमध्ये झोपली होती. अप्पा बाजारात, तिचा फोन बंद करून चार्जिंगला. उठून ती खिडकीशी गेली, तशी कपाटावरच्या कॅमेऱ्याची मान हळूच खिडकीकडे वळली. ती खुर्चीकडे आली. मान खुर्चीकडे आली. तो आपोआप वळणाऱ्यांतला नव्हता. फोनवरून कुणी वळवला तरच वळायचा. आणि तिचा फोन तर बंद होता.

हा कॅमेरा तिनेच आणला होता. अप्पा एकदा न्हाणीघराबाहेर घसरले, तेव्हापासून दुकानात तिचं लक्ष लागत नसे. चांगल्या कंपनीचा महाग होता. सतीशकुमार नावाच्या फिटरने निम्म्याहून कमी भावात दुसरा बसवून दिला. कॅमेऱ्याचं खातं त्याने स्वतःच्याच नंबरावर उघडलं आणि तिच्या फोनला पाहण्याची परवानगी दिली. "अक्का, नंतर तुमच्या नंबरावर करून देतो," म्हणाला होता. तिने ते नंतर कधी विचारलं नाही. आणि हा सतीशकुमार शुक्रवारी मंडपात माईकची व्यवस्था पाहत असे.

मग एकेक गोष्ट जुळत गेली. वीज गेली त्या शुक्रवारी देवीने मौन धरलं होतं. स्वयंपाकघरातलं स्वामींना कधीच दिसलं नव्हतं. अप्पांना नुसतं सांगून मात्र पटणार नाही, हे ती जाणून होती.

तिने शेजारच्या शिवरंजनीला स्वयंपाकघरात बोलावून सगळं सांगितलं. शिवरंजनी शाळेत नाटकं बसवायची.

"मला रडता येतं," ती खुशीत म्हणाली. "तुला येतं का?"

दुसऱ्या दिवशी अप्पा फिरायला गेल्यावर दोघींनी हॉलमध्ये, कॅमेऱ्यासमोर, एका लहान मुलाचा फोटो मांडला. हार घातला, दिवा लावला. जननी पदरात तोंड लपवून हुंदके देऊ लागली. खरं तर तिला हसू आवरत नव्हतं. शिवरंजनी मोठ्याने म्हणाली, "रवी गेल्याला वीस वर्षं झाली. आता किती रडशील? एकुलता एक भाऊ, पण अप्पांसमोर त्याचं नाव काढू नकोस." अप्पा परत येण्याआधी सगळं आवरून झालं.

शुक्रवारी स्वामींनी अप्पांनाच पुढे बोलावलं. आवाज कापरा केला. "व्यंकोबा, तू लपवतोस, पण मला दिसतो. तुझा मुलगा, रवी. वीस वर्षं तहानलेला फिरतोय. तीन शुक्रवार शांती करावी लागेल."

मंडप हळहळला.

"सामी," अप्पा म्हणाले, "मला एकच लेक. ती तिथे बसली आहे. मुलगा कधी झालाच नाही."

"मागच्या जन्मीचा," स्वामी क्षणात म्हणाले.

"मागच्या जन्मी फोटो निघत होते का?" जननी उठून पुढे आली. तिने पिशवीतून फ्रेम काढली आणि उलटी करून दाखवली. मागे दुकानाची किमतीची चिठ्ठी होती. "हे मूल फ्रेमबरोबर आलं. दुकानात अशीच आणखी सहा आहेत. आम्ही याला फक्त कॅमेऱ्यासमोर रवी म्हटलं. ज्यांच्या घरातलं स्वामींना दिसलं, त्यांच्यापैकी कुणाकडे सतीशकुमारने कॅमेरा बसवलाय?"

आधी एक हात वर झाला. मग विणकराच्या बायकोचा. मग मोजायची गरजच राहिली नाही.

जननीने आपल्या घरी थांबवून ठेवलेल्या शिवरंजनीला फोन लावला. "कॅमेऱ्यासमोरून चाल." पुढच्याच क्षणी माईकच्या टेबलावरचा सतीशकुमारचा फोन वाजला. त्याचा हात पोचण्याआधी विणकराच्या बायकोने फोन उचलला. पडद्यावर जननीच्या घरात हालचाल झाल्याची सूचना होती, आणि खाली अडतीस घरांची यादी. तिने यादी वाचायला घेतली. स्वामी घाईने उठले तेव्हा जटेतून कानात घालायचं वाटाण्याएवढं यंत्र पाटावर पडलं. सतीशकुमार त्यातूनच देवीचा आवाज पुरवत होता. लोक आधी हसले, मग आपापल्या हॉलमध्ये काय काय बोललो ते आठवून चिडले. सायबर पोलिसांकडे तक्रार त्याच संध्याकाळी गेली.

"मग कॅमेरे फोडायचे का?" एका व्यापाऱ्याने विचारलं.

"फोडू नका," जननी म्हणाली. "आजच बंद करा आणि नव्याने सुरू करा. खातं आपल्या नंबरावर, पासवर्ड आपला, कुणाला सांगायचा नाही. तोंड दाराकडे ठेवा, माणसांकडे नको. आणि फार स्वस्त मिळाला, तर उरलेली किंमत आपण कशाने चुकवतोय ते आधी विचारा. मी विचारलं नव्हतं."

घरी आल्यावर अप्पांनी स्वतःहून गोळी घेतली. मग म्हणाले, "सामीने मजला फसवलं ते खरं. पण कपाटावर डोळा बसवताना तूही मजला विचारलं नाहीस."

जननी म्हणाली, "चुकलं अप्पा."

"पडेन याची भीती तुजला आहे, मजलाही आहे. दिवसातून दोनदा फोन कर. उचलला नाही तर शिवरंजनी येईल पाहावयास." कॅमेरा दुसऱ्या दिवशी बाहेरच्या दारावर गेला.

हल्ली गल्लीत कुणी नव्या चमत्काराची बातमी आणली की अप्पा ती शेवटपर्यंत ऐकून घेतात, टर उडवत नाहीत. फक्त विद्यार्थ्याला विचारावं तसं विचारतात, "हे त्यास कळावयास दुसरी वाट कोणती होती, ती शोधलीत का? आधी ती शोधा. सापडली नाही, तर मग हात जोडू." अजून तरी कुणावर हात जोडायची वेळ आलेली नाही.