कुंपणावरच्या फणसाचा सूड

मित्रांनो, डोंबिवलीतल्या एका कुंपणावर उभा असलेला मी एक जुना फणस आहे. झाडे क्षमाशील असतात, असे तुम्ही वाचले असेल. मी तसा नाही. हे तुम्हांला सांगावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला.

आवडाबाईंनी मला आठळीतून वाढवले. लहानपणी माझी काही पाने कातरल्यासारखी होती. वाढत गेलो तशी नवी पाने अखंड कडांची येऊ लागली. ती पाहून आवडाबाई म्हणायच्या, आता थोड्या वर्षांत फणस धरेल. त्यांची लेक लक्ष्मी कळव्याला दिली होती. आईने अर्धी जमीन विकल्यापासून सासरचे तिला टोचत, तुझ्या माहेरून आता काय येणार? पहिला फणस त्या घरी पाठवायचा, एवढीच आवडाबाईंची इच्छा होती.

ती जमीन घेतली देशावरच्या मारुतरावांनी. मोजणीची दोरी नेमकी माझ्या बुंध्यावरून गेली. गावातल्या काळुरामदादांनी निवाडा दिला, फळ ज्याच्या बाजूला लोंबेल, त्याचे. मारुतरावांनी मान डोलावली.

आठवडाभरात ते कोयता घेऊन आले आणि आवडाबाईंच्या बाजूच्या माझ्या सगळ्या फांद्या तोडू लागले. गावाकडे त्यांनी आंबा, चिंच पाहिली होती; फणसाचे झाड नव्हे. फांदी नाही तर फळ नाही, अशी त्यांची समजूत.

"तुमच्या अंगणात ऊन येत नव्हतं ना, आवडाबाई? घ्या आता," ते हसत म्हणाले.

आवडाबाई ओटीवर बसून होत्या. "तोरा बाबा, फांद्या तोरा," त्या म्हणाल्या. "एक पन ठेवू नका."

माझा चीक मारुतरावांच्या हातांना, मिशांना चिकटला. ते विहिरीवर पाण्याने धूत राहिले. चीक तेलाने सुटतो, हे आवडाबाईंनी त्यांना सांगितले नाही.

मित्रांनो, शेंडा शाबूत असतो तोवर तो खाली निरोप धाडून खालच्या डोळ्यांना, म्हणजे न फुटलेल्या कोंबांना, झोपवून ठेवतो. फांदी तुटली, उजेड पडला, की झोपलेले डोळे जागे होतात. आणि फणस तर खोडालाच लागतो. दुसऱ्या वर्षी आवडाबाईंच्या बाजूला माझ्या अंगावर नऊ फणस लटकले. मारुतरावांच्या बाजूला एकही नाही.

ते कुंपणाशी येऊन बघत राहिले. हे झाले कसे, असे त्यांनी विचारले.

"तुमच्या कोयत्याचा गुन, मारुतराव," आवडाबाई म्हणाल्या.

पहिला फणस आवडाबाईंचा भाऊ राघो डोक्यावरून कळव्याला घेऊन गेला. लक्ष्मीच्या सासूने तो स्वतः फोडला आणि सगळ्या आळीला गरे वाटले, सुनेच्या माहेरचे म्हणून.

पुढे मारुतरावांची बायको शेवंती संकोचत गरे मागायला आली. आवडाबाईंनी तिला ताट भरून दिले. त्यांचा राग तिथे संपला.

मित्रांनो, झाडावर कोयता चालवण्याआधी झाडाला विचारता येत नाही, पण त्याला ओळखणाऱ्या माणसाला तरी विचारा. काही झाडे विसरत नाहीत. मारुतरावांच्या बाजूला मी अजून फक्त पाने गाळतो. ते रोज सकाळी झाडतात. त्यांची पाठ वळली, की मी आणखी दोन टाकतो.