आधीच झालेले सात धडे

वेंग सर एकसष्ट वर्षांचे होते आणि गेली एकतीस वर्षं च्यायी शहरातल्या एका विद्यापीठात 'संगणकाची रचना' हा विषय शिकवत होते. मुलांच्या तोंडी त्यांचं नाव या विषयामुळेच असे, पण ते काही कौतुकानं घेतलं जात नसे. पंचावन्नच्या वर्गातली वीसेक मुलं दरवर्षी त्यात नापास व्हायची. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रातला हा विषय सक्तीचा होता आणि तो अडला की तिसऱ्या वर्षाचे तीन विषय अडायचे. चार वर्षांची पदवी मग पाच वर्षांची होई. काही मुलं मध्येच सोडूनही जात.

सरांना याचं वाईट वाटत नसे असं नाही. पण त्यांनी मनाशी एक उत्तर ठरवून टाकलं होतं. पूर्वी आठ-दहाच नापास व्हायचे, आता वीस होतात, म्हणजे पोरं बदलली. पोरांना बोटानं सरकवायची सवय, मेहनत नको. हे ते वर्गात बोलूनही दाखवत.

त्या वर्षी विभागाची तपासणी व्हायची होती. बाहेरून परीक्षक येणार, मुलांशी बोलणार, कागद बघणार. त्यासाठी पदवीची उद्दिष्टं आणि विषयांची मांडणी नव्यानं लिहून द्यायची होती. त्यातून प्रवेश दरवर्षी घटत होते, कारण देशात पोरंच कमी जन्मत होती. विभागप्रमुख श्यू मॅडम यांनी नोव्हेंबरातल्या अभ्यासक्रम समितीपुढे प्रस्ताव ठेवला : 'संगणकाची रचना' ऐच्छिक करावा.

श्यू मॅडम एकेकाळी वेंग सरांच्याच विद्यार्थिनी होत्या. त्यांनी हे सरांना आधी खोलीत येऊन सांगितलं.

"सर, दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून आले."

"कळलं. म्हणजे यंत्राचं झाकण न उघडता मेकॅनिक तयार करायचे."

"तसं नाही सर. पण वीस मुलं दरवर्षी अडकतात. पालकांचे फोन मला येतात, तुम्हाला नाही."

"उद्दिष्टांच्या कागदावर पहिलं वाक्य कुणी लिहिलंय, आठवतं?"

"तुम्हीच. 'विद्यार्थ्याला यंत्राच्या तळापर्यंत जाऊन दोष शोधता यावा.' पाठ आहे मला."

"मग ते आधी खोडा," सर म्हणाले. "मग माझा विषय खोडा."

समितीत विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी असावा असा नियम होता. त्या वर्षी ती जागा फांग या-छिंगकडे होती. फांग चौथ्या वर्षाला होती आणि वेंग सरांच्या विषयात दोनदा नापास झालेली होती. पहिल्यांदा एक्केचाळीस गुण, दुसऱ्यांदा सत्तावन्न, आणि उत्तीर्ण व्हायला साठ लागत. आता ती तिसऱ्यांदा तोच विषय घेऊन बसली होती. बैठकीच्या पत्रावर तिचं नाव वाचून सरांनी चष्मा काढून ठेवला. ही पोरगी आता हिशोब चुकता करणार, असं त्यांनी गृहीत धरलं.

बैठक बुधवारी दुपारी होती. विभागाच्या कार्यालयातल्या लान ताईंनी नेहमीच्या दुकानातून टर्कीचं मांस घातलेल्या भाताचे डबे मागवले होते. टेबलाभोवती सहाजण बसले. त्यात ल्याव नावाचे तरुण प्राध्यापक होते. आठ वर्षांपूर्वी नोकरीला लागल्यापासून 'अंकीय मंडलं' हा विषय, म्हणजे शून्य आणि एक यांच्यावर चालणारे छोटे विद्युत-जोड कसे बांधायचे हे, ते शिकवत. तो वेंग सरांच्या विषयानंतरच्या सत्रात असे.

श्यू मॅडमनी प्रस्ताव वाचला. वेंग सर बोलले, जरा जास्तच बोलले. मग मॅडम म्हणाल्या, "फांग, विद्यार्थ्यांच्या बाजूनं काही?"

फांगनं डबा बाजूला सारला आणि प्रत्येकापुढे एकेक कागद ठेवला.

"विषय ऐच्छिक करायला माझा विरोध आहे," ती म्हणाली. "पण मी वेंग सरांच्या बाजूनंही नाही."

"मग आहेस कुणाच्या?" ल्यावनी हसून विचारलं.

"कागद बघा ना सर. तुमचंही नाव आहे त्यात."

कागदावर दोन रकाने होते. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर फांगनं एक उद्योग सुरू केला होता. वेंग सर शिकवताना जेव्हा जेव्हा म्हणत, 'मंडलांचं हे तुम्हाला आधी झालेलंच आहे,' तेव्हा ती तारखेसकट ते लिहून ठेवी. त्याआधीच्या सत्रात ती पुन्हा ल्याव सरांच्या तासाला जाऊन मागच्या बाकावर बसली होती. तिथं ल्याव सर म्हणत, 'हे वेंग सरांनी मागच्या सत्रात घेतलेलंच असणार, आपण पुढे जाऊ.' तेही तिनं लिहून ठेवलं होतं. दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्यावर सात गोष्टी दोन्हीकडे निघाल्या. ऋण संख्या यंत्रात कशी लिहितात, बेरजेतला हातचा पुढच्या घरात कसा जातो, यंत्रातलं घड्याळ कशासाठी टिकटिकतं, अशा सात गोष्टी. अगदी पायाच्या.

"या सात गोष्टी दोघंही आधीच झाल्या म्हणतात," फांग म्हणाली. "पण त्या कुठेच होत नाहीत."

खोलीत चॉपस्टिक्स डब्यावर ठेवल्याचे आवाज झाले.

"दुसऱ्या वर्षी आम्हाला डेटा स्ट्रक्चर्सच्या तासाला शिकवतात," ती पुढे म्हणाली, "की कामं एकमेकांवर अवलंबून असली तर आधी कुठलं, मग कुठलं, याचा क्रम कसा लावायचा. तोच प्रोग्राम मी आपल्या विषयांवर चालवला. प्रत्येक विषयाला आधी काय येत असायला हवं ते भरलं. त्यानं क्रम दिला नाही. म्हणाला, इथं गोल फिरणारी साखळी आहे. साखळीत हे दोन विषय होते."

"पुस्तकात आहेत या गोष्टी," वेंग सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण कान लाल झाले होते. "पहिलं प्रकरण उघडून वाचायला काय झालं होतं?"

"वाचलं सर. या खेपेला वाचलं. सत्राच्या मधल्या परीक्षेत चौऱ्याऐंशी पडले. पण त्याला दोन वर्षं गेली, कारण आपल्याला नेमकं काय येत नाही हेच मला कळत नव्हतं. तुम्ही म्हणायचात झालंय. मला वाटायचं, झालंय म्हणजे झालंच असणार, माझंच डोकं नाही."

ल्याव कागदावर वाकले होते. "मी आलो तेव्हा तक्ता बघितला," ते हळूच म्हणाले. "तुमचा विषय आधी, माझा नंतर. म्हटलं, एवढं तर वेंग सर घेतच असतील. विचारलं नाही. लाज वाटायची तुम्हाला काही विचारायला."

"हा क्रम असा लावला कुणी?" श्यू मॅडमनी विचारलं. "मी शिकत होते तेव्हा मंडलं आधी होती. चांगलं आठवतंय."

लान ताई उठल्या. त्या सव्वीस वर्षं त्या कार्यालयात होत्या आणि जुना कागद कुठल्या कपाटात आहे हे त्यांनाच ठाऊक असे. पाचएक मिनिटांत त्या एक जाड फाइल घेऊन आल्या आणि उभ्यानंच वाचू लागल्या. बारा वर्षांपूर्वीची बैठक. 'संगणकाची रचना' चौथ्या सत्रातून तिसऱ्यात आणि 'अंकीय मंडलं' तिसऱ्यातून चौथ्यात. कारण : विभागाची सोय. मुदत : एक वर्ष.

"एकच वर्ष?" मॅडम म्हणाल्या. "आणि सोय कसली?"

लान ताईंनी पान उलटून पाहिलं. "एवढंच लिहिलंय."

ती सोय कसली होती हे त्या खोलीत एकट्या वेंग सरांना माहीत होतं. मंडलं शिकवणारे तेव्हाचे जुने प्राध्यापक केव्हाच निवृत्त होऊन वारलेही होते. सरांना तेव्हा फुकुओकाच्या एका प्रयोगशाळेनं फेब्रुवारीपासून सहा महिन्यांसाठी बोलावलं होतं. आपला विषय जाण्याआधीच उरकावा म्हणून त्यांनी ही अदलाबदल मागून घेतली होती. जुने प्राध्यापक कुरकुरले होते. 'पाया नंतर आणि भिंत आधी होईल,' असं काहीसं म्हणाले होते. एका वर्षाचाच प्रश्न आहे, असं सांगून सरांनी त्यांना राजी केलं. परत आल्यावर त्यांना दिसलं की उन्हाळ्याचं सत्र मोकळं मिळालं तर स्वतःचं संशोधन छान होतं. पुढच्या वर्षी कुणी विचारलं नाही. त्यांनीही विषय काढला नाही. मग ते विसरले. खरोखरच विसरले होते. आणि त्याच सुमारास पोरं बिघडायला लागली, असं त्यांना वाटू लागलं होतं.

गप्प बसणं सोपं होतं. कागदावर 'विभागाची सोय' असंच होतं. लान ताई फाइल मिटायला लागल्या तेवढ्यात सर म्हणाले, "सोय माझी होती."

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"मला जपानला जायचं होतं. अदलाबदल मी मागितली. परत आल्यावर पूर्ववत करायची होती, ती केली नाही. मोकळं सत्र आवडलं मला." त्यांनी फांगकडे पाहिलं. "बारा वर्षं मी पोरांना आळशी म्हणत आलो."

फांग आपल्या कागदाची कड दुमडत बसली होती. तिलाही हे अपेक्षित नव्हतं. आपण एक चूक दाखवतोय एवढंच तिला वाटलं होतं. त्या चुकीमागे कुणाचा तरी हात असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"सर, तुम्ही मुद्दाम थोडंच केलं," ती शेवटी म्हणाली.

"माझी समजूत काढू नकोस," सर म्हणाले. "दोनदा नापास केलंय मी तुला."

प्रस्तावावर मतदान झालंच नाही. ठरलं ते असं : पुढच्या वर्षापासून मंडलं पुन्हा आधी. सात गोष्टी कुणी शिकवायच्या हे नावासकट तक्त्यात लिहायचं. आणि या वर्षी जे नापास होतील त्यांच्यासाठी वेंग सर पुढच्या सत्रात दर शनिवारी सकाळी जादा वर्ग घेणार. त्यांच्या मोकळ्या सत्रात. हे शेवटचं सरांनीच सुचवलं. श्यू मॅडमनी मात्र दुसराच एक सक्तीचा विषय ऐच्छिक केला, कारण प्रवेशांचा प्रश्न होता तिथंच होता.

दुसऱ्या दिवशी सर कार्यालयात गेले.

"लान ताई, बारा वर्षांत माझ्या विषयात नापास होऊन पदवी सोडून गेलेली किती?"

"कशाला सर?"

"नावं हवीत."

ताईंनी संध्याकाळपर्यंत यादी काढली. एकोणीस. सर ती घेऊन खोलीत बसले. एकोणिसातले चार चेहरे त्यांना आठवले, बाकीचे नाहीत, आणि याचाच त्यांना जास्त त्रास झाला. त्यांनी प्रत्येकाला हातानं पत्र लिहिलं. क्षमा वगैरे शब्द त्यांना जमत नसत. घडलं ते लिहिलं, सात गोष्टींची यादी लिहिली, आणि 'तुम्हाला जे समजलं नाही ते तुम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं' असं लिहिलं. शनिवारच्या वर्गाची वेळही कळवली.

सहा पत्रं पत्ता बदलला म्हणून परत आली. चौघांनी उत्तर दिलं. एकीनं लिहिलं, सर, मी आता बेकरी चालवते आणि माझं बरं चाललंय, पण तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. तिला अजून वाटायचं की मी अभ्यासच केला नाही. एकानं फक्त 'मिळालं' एवढाच निरोप पाठवला. एक जण बरंच टाकून बोलला होता. ते पत्र सरांनी दोनदा वाचलं आणि ठेवून दिलं.

फांग जानेवारीत शहाऐंशी गुणांनी उत्तीर्ण झाली. तिचे अडलेले विषय असल्यानं तिला आणखी एक वर्ष काढावं लागणारच होतं. निकालानंतर ती सरांना भेटायला आली.

"सर, प्रश्न सोपे काढले होते का?"

"मागच्याच वर्षीचे होते, आकडे बदलून."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि गेली.

फेब्रुवारीच्या अखेरीस शनिवारचे वर्ग सुरू झाले. बारा मुलं येत. तिसऱ्या शनिवारी दाराशी एक तिशीतला माणूस उभा राहिला, अंगावर कंपनीचा निळा शर्ट, खिशाला टेस्टर. त्यानं आपलं नाव शन असं सांगितलं. उत्तर दिलेला चौथा तोच. नऊ वर्षांपूर्वी त्यानं पदवी सोडली होती आणि आता तो तौलियू गावाकडे एसी दुरुस्त करत असे.

"पदवी नकोय मला सर," तो म्हणाला. "पण एकदा कळू तरी द्या, काय होतं ते."

"बसा," सर म्हणाले. त्यांना त्याचा चेहरा आठवला नव्हता आणि आठवल्यासारखं त्यांनी केलं नाही.

शन मागच्या बाकावर बसला. त्या दिवशी शून्य आणि एकची बेरीज होती. हातचा पुढच्या घरात जातो, त्या घराचा निकाल लागेपर्यंत त्याच्या पुढच्या घराला थांबावं लागतं, असं सर फळ्यावर दाखवत होते. शननं हात वर केला.

"म्हणजे लाइन जितकी लांब तितका उशीर. आमच्या पाइपसारखंच की."

"तसंच," सर म्हणाले. "म्हणून पुढे ती थांबायची वेळ कशी वाचवायची, ते बघू."

तो ओळीनं तीन शनिवार आला. चौथ्या शनिवारी आला नाही, पाचव्यालाही नाही. एप्रिल लागला होता आणि च्यायीत उकाडा सुरू झाला होता. त्याच आठवड्यात परीक्षक येऊन तपासणी करून गेले. सोमवारी सरांच्या फोनवर शनचा निरोप आला : 'सर, सीझन सुरू झाला, आता ऑक्टोबरपर्यंत शनिवार-रविवार नाही. बेरीज समजली. वजाबाकी राहिली.'

सरांनी चष्मा लावून, एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं : 'पुस्तकाचं पान एक्केचाळीस बघा. नाही समजलं तर दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन करा. मी खोलीतच असतो.'